खंड, मक्ता आणि सीमांत : मराठीतील सूक्ष्म अर्थशास्त्राच्या परिभाषेचा इतिहास

१

पदव्युत्तर वर्गात शिकविले जाणारे उच्च सूक्ष्म अर्थशास्त्र हे आज बव्हंशी गणिताच्या आश्रयाने चालते. उपभोक्त्याचा निवडक्रम, उत्पादनफलन, बाजाराचा समतोल, खेळसिद्धांत, अपुऱ्या माहितीचे अर्थशास्त्र या सर्व प्रकरणांत चिन्हे व समीकरणे जगभर एकच असतात. त्यावरून असा समज रूढ झाला आहे की, या विषयाच्या अध्ययनात भाषेचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. विद्यार्थ्याला गणित आले की काम भागले. राहिलेला मजकूर इंग्रजीत असो वा मराठीत, फरक पडत नाही.

प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र आहे. अर्थशास्त्रातील सिद्धांतांचे खंडन-मंडन करण्याचा अधिकार त्याला नाही व तसा हेतूही नाही. परंतु वरील समज मात्र तपासून पाहण्याजोगा आहे. जेरार डेब्रू यांनी १९५९ साली मूल्यसिद्धांताची मांडणी स्वयंसिद्धकांच्या आधारे केली, तेव्हा सिद्धांताचे तार्किक रूप आणि त्याचा अर्थ यांची त्यांनी जाणीवपूर्वक फारकत केली. तार्किक रूप चिन्हांत मांडता येते. अर्थ मात्र शब्दांतच सांगावा लागतो. हा सिद्धांत कोणत्या बाजाराला लागू होतो, कोणत्या गृहीतकावर तो मोडतो, हे ठरविण्याची वेळ आली की विद्यार्थी पुन्हा आपल्या भाषेत येतो. सिद्धांताचे उपयोजन म्हणून ज्याला म्हणतात ते सारे याच प्रदेशात घडते.

विदर्भातील विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष तीव्र आहे. पदवीपर्यंत मराठीतून शिकलेला विद्यार्थी पदव्युत्तर वर्गात येताच प्रमाणग्रंथ इंग्रजीत वाचतो, टिपणे मिश्र भाषेत घेतो आणि पुष्कळदा उत्तरपत्रिका मराठीत लिहितो. या तिहेरी प्रवासात संकल्पना कोठे निसटते हे पाहावयाचे, तर मराठीतील आर्थिक परिभाषा कशी घडली हे प्रथम पाहिले पाहिजे.

२

मराठीत अर्थशास्त्रीय लेखनाचा आरंभ बराच जुना आहे. रामकृष्ण विश्वनाथ यांचा हिंदुस्थानच्या प्राचीन व सांप्रत स्थितीवरील ग्रंथ १८४३ साली निघाला. लोकहितवादींचे ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ मध्ये, हरि केशवजी व विश्वनाथ नारायण मंडलिक यांची ‘देशव्यवहारव्यवस्था’ १८५४ मध्ये आणि कृष्णशास्त्री चिपळूणकर यांची ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ १८५५ मध्ये प्रसिद्ध झाली. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. म्हणजे विद्यापीठ निघण्यापूर्वीच हा विषय मराठीत अवतरला होता.

यांतील तीन ग्रंथनामे लक्षपूर्वक पाहावीत. एकाच शास्त्राला सहा वर्षांत तीन नावे मिळाली. ‘लक्ष्मीज्ञान’ या नावात संपत्तीवर भर आहे, ‘देशव्यवहारव्यवस्था’ या नावात राज्य व समाज यांच्या कारभारावर आहे, आणि ‘अर्थशास्त्र’ हे नाव संस्कृत परंपरेतून घेतलेले आहे. तिसरे नाव टिकले. कौटिल्याचा ग्रंथ त्या वेळी उपलब्ध नव्हता. शामशास्त्री यांना त्याची पोथी पुढे १९०५ च्या सुमारास मिळाली व ग्रंथ १९०९ मध्ये छापला गेला. तरी शब्दाची प्रतिष्ठा शिल्लक होती. या निवडीचा एक परिणाम असा झाला की, इंग्रजीत या शास्त्राच्या जुन्या नावाला जोडलेले ‘राजकीय’ हे विशेषण मराठीत आपोआप गळले. इंग्रजीत ते मागे पडण्यास आल्फ्रेड मार्शल यांचा १८९० चा ग्रंथ निमित्त झाला. मराठीत ते त्यापूर्वीच पस्तीस वर्षे घडून गेले होते.

या पहिल्या पिढीच्या शब्दसंग्रहाचे मुख्य लक्षण हे की, तो बहुतांशी चालू व्यवहारातला आहे. खंड, मजुरी, नफा, व्याज, भांडवल, मागणी, मक्ता हे शब्द कोणी घडविले नाहीत. ते शेतात, पेढीवर व सरकारी दप्तरांत होतेच. लेखकांनी ते उचलून शास्त्राच्या कामी लावले. हे शक्य झाले, कारण त्या काळचे अर्थशास्त्र अ‍ॅडम स्मिथ, रिकार्डो व मिल यांचे होते आणि त्याच्या संकल्पना जमीनदार, भांडवलदार व मजूर या दृश्य वर्गांभोवती गुंफलेल्या होत्या.

पुढे १८७१ साली जेव्हन्स व मेंगर यांचे आणि १८७४ साली वालरा यांचे ग्रंथ निघाले. मूल्याचा विचार ‘शेवटच्या एककावर’ येऊन ठेपला. आजचे सूक्ष्म अर्थशास्त्र या घटनेतून निघाले आहे. परंतु नेमक्या याच काळात उच्च शिक्षण संपूर्णतः इंग्रजीत स्थिरावले होते. मराठी माणसांनी सिद्धांतात भर घातली ती इंग्रजीतून. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली लहान शेतजमिनींवर जो निबंध लिहिला, त्यातील युक्तिवाद शुद्ध सूक्ष्म अर्थशास्त्राचा आहे : जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे क्षेत्रफळावरून ठरत नाही, त्यावर वापरल्या जाणाऱ्या श्रम व भांडवल यांच्या प्रमाणावरून ठरते. नागपुरात शालेय शिक्षण झालेल्या धनंजयराव गाडगिळांनी १९३० साली पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था उभी केली. तेथील वि. म. दांडेकर यांनी १९६२ मध्ये ऑक्सफर्डच्या एका नियतकालिकात लिहिताना, दाट लोकवस्तीच्या शेतीत सीमांत उत्पादकतेचा सिद्धांत जसाच्या तसा लागू करता येतो काय, याची छाननी केली. विषय महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या इतका जवळचा, पण शब्द मराठी नव्हते.

३

दुसरा थर स्वातंत्र्याच्या आगेमागे पडला, आणि त्यात नागपूरचा वाटा मोठा आहे. १९२३ साली स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ द्विभाषिक प्रांताचे विद्यापीठ होते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत येथे पदवीशिक्षणात मराठी व हिंदी या माध्यमांना वाव मिळाला. १९५० च्या राजभाषा अधिनियमाने या दोन्ही भाषा राज्यकारभाराच्या झाल्या. डॉ. रघुवीर यांनी आपली संस्था १९४६ मध्ये लाहोरहून नागपुरास आणली व १९५६ मध्ये ती दिल्लीस जाईपर्यंत येथेच पारिभाषिक कोशांचे प्रचंड काम केले. त्यांची पद्धती निश्चित होती : संस्कृत धातू, उपसर्ग व प्रत्यय यांच्या योगाने प्रत्येक संकल्पनेस स्वतंत्र शब्द बनवावयाचा, आणि एका शब्दापासून त्याचा संपूर्ण परिवार व्युत्पन्न करावयाचा. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याचे भाषा संचालनालय आले, १९६१ मध्ये केंद्राचा शब्दावली आयोग आला. प्रादेशिक भाषांत विद्यापीठीय ग्रंथ काढण्यासाठी केंद्र सरकारने १९६८ साली प्रत्येक राज्यास एक कोटी रुपयांची योजना आखली आणि महाराष्ट्रात तिच्यासाठी विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ नागपुरात स्थापन झाले. त्या मंडळाचे कार्य पुढे थांबले. त्याचे ग्रंथ मात्र महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत अद्याप आढळतात.

सीमांत, उपयोगिता, लवचिकता, समवृत्ती वक्र, अंशलक्षी, अल्पाधिकार हे शब्द या दुसऱ्या थरातले. ते नेमके आहेत व परस्परांशी सुसंगत आहेत. पण ते बाजारात कोणी उच्चारत नाही. अशा रीतीने पदव्युत्तर विद्यार्थ्यापुढे दोन जातींचे शब्द येतात : पहिल्या थरातील शब्द त्याला आधीच ठाऊक असतात, म्हणून त्यांचा शास्त्रीय अर्थ वेगळा आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही, दुसऱ्या थरातील शब्द त्याला ठाऊकच नसतात, म्हणून तो ते पाठ करतो. दोन्हींचे एकेक उदाहरण तपशिलाने पाहू.

४

‘खंड’ हा शब्द ‘तुकडा’ या अर्थाच्या संस्कृत शब्दापासून आलेला. मराठीत ‘खंडून देणे’ म्हणजे एकठोक ठरवून देणे. त्यावरून जमीन कसावयास देताना ठरलेली रक्कम वा धान्य म्हणजे खंड. यात ठराव, म्हणजे दोन पक्षांतील बोली, हा अर्थ प्रधान आहे. रिकार्डो यांनी १८१७ मध्ये मांडलेल्या सिद्धांतातील खंड याहून निराळा आहे. लागवडीखालील सर्वांत हलक्या जमिनीच्या मानाने चांगल्या जमिनीत जे आधिक्य उरते ते त्या सिद्धांतातील खंड होय. कोणी कोणास काही दिले नाही तरी ते असतेच. धान्य महाग म्हणून खंड उद्भवतो, खंड द्यावा लागतो म्हणून धान्य महाग होत नाही. विद्यार्थी मात्र व्यवहारातील अर्थ मनात धरून खंडाला खर्चाची बाब समजतो आणि सिद्धांत उलटा लिहितो.

अर्थात इंग्रजी विद्यार्थ्याचीही या शब्दात अशीच फसगत होते. त्याच्या भाषेत घराचे भाडे आणि जमिनीचा खंड यांस एकच शब्द आहे. मराठीने हा भेद राखला आहे. म्हणूनच मार्शल यांनी यंत्रसामग्रीच्या अल्पकालीन प्राप्तीस लावलेली संज्ञा मराठीत ‘आभास खंड’ अशी आली, तेव्हा ती आपल्या कानाला विचित्र वाटते. यंत्राचे आपण भाडे म्हणतो, खंड म्हणत नाही. हे वैचित्र्य उपकारक आहे. जमिनीचा गुण यंत्रात तात्पुरता कसा येतो, हा प्रश्न मराठी शब्दानेच उपस्थित केला जातो. शिक्षकाने तो प्रश्न टाळून पुढे जाऊ नये.

‘मक्ता’ या शब्दाचा इतिहास याहून बोधप्रद आहे. तो अरबी मूळचा, फारसी दप्तरांतून मराठीत आलेला. सरकारला ठरीव रक्कम भरून वसुलीचा किंवा विक्रीचा हक्क घेणे म्हणजे मक्ता. विदर्भात आजही रोख ठरावावर शेत कसावयास घेणे याला ‘मक्त्याने घेणे’ म्हणतात व पिकाच्या वाट्यावर घेणे याला ‘बटईने घेणे’. म्हणजे इतरत्र ज्याला खंड म्हणतात त्याला येथे मक्ता हे नाव आहे. इकडे पाठ्यपुस्तकात ‘मक्तेदारी’ म्हणजे बाजारात एकच विक्रेता असणे. ग्रीक मूळ असलेला पाश्चात्त्य शब्द विक्रेत्यांची संख्या सांगतो. मराठी शब्द सत्तेचा उगम सांगतो, म्हणजे कोणीतरी वरून दिलेला हक्क. नैसर्गिक मक्तेदारी, जी कोणी दिलेली नसून खर्चाच्या रचनेतून आपोआप उद्भवते, ती समजून घेताना या शब्दाची अडचण होते. उलट परवाने व शासकीय हक्क यांतून उद्भवणाऱ्या नफ्याचा विचार करताना हाच शब्द फार मोलाचा ठरतो.

५

या भेदाचे व्यावहारिक महत्त्व विदर्भाला एका मोठ्या प्रयोगात अनुभवास आले. महाराष्ट्र शासनाने १९७१ चा कायदा करून १९७२–७३ च्या हंगामापासून ‘कापूस एकाधिकार खरेदी योजना’ सुरू केली. ‘एकाधिकार’ हा मक्तेदारीचा संस्कृत पर्याय. परंतु शासन येथे एकमेव विक्रेता नव्हते, कापूस उत्पादकांपुढचा एकमेव ग्राहक होते. सिद्धांतात या दोन स्थिती स्वतंत्र आहेत. एकमेव ग्राहकासाठी निराळी संज्ञा जोन रॉबिन्सन यांनी १९३३ च्या आपल्या ग्रंथात प्रचारात आणली, आणि ती घडविण्यास त्यांना केंब्रिजमधील हॉलवर्ड या ग्रीक-लॅटिनच्या अभ्यासकाने साहाय्य केले. आपल्याकडे शब्दाचे हे काम झाले नाही. ‘खरेदी’ हे पद जोडून निभावले.

त्यामुळे काय हुकले ते पाहा. रॉबिन्सन यांच्या विवेचनानुसार, नफ्यासाठी खरेदी करणारा एकमेव ग्राहक अधिक माल हवा असल्यास सर्वच मालाला अधिक भाव द्यावा लागेल हे जाणतो. म्हणून तो स्पर्धेतल्यापेक्षा कमी माल घेतो व कमी भाव देतो. शासनाचा हेतू नेमका उलट होता : व्यापारी व दलाल यांना दूर सारून शेतकऱ्यास हमी भाव द्यावयाचा. मग प्रश्न असा की, ग्राहक एकमेव असूनही त्याची सत्ता कशावर अवलंबून असते? सिद्धांताचे उत्तर आहे, पुरवठ्याच्या लवचिकतेवर. विक्रेत्याला दुसरीकडे जाण्याची वाट असेल तर एकाधिकार केवळ नावाचा राहतो. राज्याबाहेर भाव अधिक असे तेव्हा कापूस सीमेपलीकडे जाई. बाहेर भाव पडत तेव्हा सारा माल खरेदी केंद्रांवर येई व तोटा योजनेच्या माथी बसे. २००२ मध्ये खासगी व्यापाऱ्यांना खरेदीची मुभा मिळाली आणि या एकाधिकाराचा शेवट झाला. योजनेच्या यशापयशाची कारणे अनेक आहेत व त्यांचा निवाडा अर्थशास्त्रज्ञांनी करावा. येथे एवढेच नोंदवावयाचे की, विदर्भातील लक्षावधी कुटुंबांच्या मिळकतीशी जडलेल्या प्रश्नाचे नावच विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकातील चुकीच्या प्रकरणाकडे नेत होते.

बाजाराचे याहून जुने उदाहरणही येथलेच आहे. कापसाच्या व्यापारासाठी वऱ्हाडातील कारंजा येथे १८८६ साली नियंत्रित बाजार झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला. अडत, तोलाई, हमाली, धर्मादाय, कडता ही बाजारातील कपातींची नावे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहेत. यांपैकी ‘कडता’ म्हणजे मालातील ओल, माती वा कचरा गृहीत धरून वजनात वा भावात केलेली कपात. ग्राहकाला मालाची खरी प्रत ठाऊक नसते, म्हणून तो सर्वांवर सारखी कपात बसवितो, आणि त्यामुळे चांगला माल आणणाऱ्याचे नुकसान होते. १९७० साली जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराच्या निमित्ताने जो युक्तिवाद केला, त्याचे बीज कडत्याच्या व्यवहारात सापडते. पदव्युत्तर वर्गात मोटारींचे उदाहरण अवश्य सांगावे. पण कडत्याचे सांगितले, तर विद्यार्थी त्यावर स्वतः प्रश्न विचारू लागेल.

६

आता दुसऱ्या थरातील शब्दांकडे वळू. ‘सीमांत’ हा शब्द निर्दोष दिसतो. परंतु शासकीय मराठीत ‘सीमांत शेतकरी’ म्हणजे एक हेक्टरहून कमी जमीन असणारा. तेथे सीमांत म्हणजे निर्वाहाच्या काठावर असलेला. ‘सीमांत उत्पादन’ या पदात मात्र सीमांत म्हणजे श्रमाचे एक एकक वाढविल्याने पडणारी भर. एकाच प्रश्नपत्रिकेत दोन्ही पदे येतात आणि सीमांत शेतकऱ्याचे उत्पादन म्हणजेच सीमांत उत्पादन, असा घोटाळा सहज संभवतो.

‘उपयोगिता’ या शब्दाविषयी तर पाश्चात्त्य पंडितही असमाधानी होते. लौकिक भाषेत उपयोगी म्हणजे हितकारक. दारू कोणाच्या हिताची नाही, तरी सिद्धांतात तिला उपयोगिता आहे. या कारणास्तव पारेटो यांनी १८९६ साली ग्रीकमधून नवीच संज्ञा घडविली, पण ती रूढ झाली नाही. हिंदीतील ‘तुष्टिगुण’ हा शब्द याच दृष्टीने अधिक सावध आहे. इंग्रजीतील ‘सीमांत’ची संज्ञाही उसनीच. जेव्हन्स ‘अंतिम’ असा शब्द वापरीत; व्हीजर यांनी १८८४ मध्ये जर्मन संज्ञा रूढ केली आणि विक्स्टीड यांनी १८८८ मध्ये तिचे इंग्रजी रूप प्रचारात आणले. यावरून शब्द घडविणे वा उसने घेणे हा मराठीचाच दुबळेपणा होय, ही समजूत खोटी ठरते. भेद इतकाच की, तेथे नव्या शब्दावर अर्ध्या शतकाचा वाद झाला आणि त्या वादात शब्दाचा अर्थ घासून पक्का झाला. आपल्याकडे शब्द कोशातून थेट क्रमिक पुस्तकात उतरला.

वादाच्या या अभावाचे एक चिन्ह म्हणजे पर्यायी संज्ञांचे सहअस्तित्व. एजवर्थ यांनी १८८१ मध्ये योजिलेल्या आणि हिक्स व अ‍ॅलन यांनी १९३४ मध्ये मूल्यसिद्धांताच्या पायाशी आणलेल्या वक्राला एका मराठी पुस्तकात ‘तटस्थता वक्र’ म्हणतात, दुसऱ्यात ‘समवृत्ती वक्र’. तटस्थ म्हणजे काठावर उभा राहणारा, वादात न पडणारा. सिद्धांतातील उपभोक्ता तसा नाही. त्याने दोन्ही संच तोलून पाहिले आहेत व ते त्याला सारखे वाटले आहेत. ‘समवृत्ती’ हा शब्द म्हणून अधिक समर्पक. तीच गोष्ट शास्त्राच्या नावाची. ‘सूक्ष्म अर्थशास्त्र’ म्हटले की लहानसहान गोष्टींचा अभ्यास असा भास होतो. ‘अंशलक्षी’ म्हटले की समग्राच्या एका अंशाकडे पाहण्याची दृष्टी सूचित होते. सूक्ष्म-स्थूल हा भेद रॅग्नर फ्रिश यांनी १९३३ मध्ये केला, तो मुळात विवेचनाच्या दृष्टीचाच होता. प्रस्तुत लेखात रूढीस अनुसरून ‘सूक्ष्म’ हाच शब्द वापरला आहे.

विमाव्यवहारातून आलेली एक संज्ञा ‘नैतिक संकट’ म्हणून मराठीत येऊ पाहत आहे. मराठी वाचकास त्यावरून धर्माधर्माचा पेच आठवेल. वास्तविक तिचा आशय असा की, एकाच्या वर्तनाचे नुकसान दुसऱ्यावर पडत असेल व ते वर्तन त्याला पाहता येत नसेल, तर पहिला काळजी कमी घेतो. बटईच्या शेतीची मीमांसा नेमकी हीच आहे. मार्शल यांचा आक्षेप असा की, बटईदाराला वाढीव पिकाचा अंशच मिळत असल्याने तो श्रम आखडता घेतो. चुंग यांनी १९६९ मध्ये व स्टिग्लिट्झ यांनी १९७४ मध्ये या आक्षेपाचा फेरविचार केला; स्टिग्लिट्झ यांच्या मते पावसाचा धोका दोघांत वाटला जातो, हा बटईचा लाभ त्या तोट्याच्या समोर ठेवून पाहिला पाहिजे. मक्त्याने घेतले तर सारा धोका कसणाऱ्याचा, बटईने घेतले तर निम्मा मालकाचा, हे विदर्भातील शेतकरी जाणतो. १९५८ च्या विदर्भ कूळकायद्यानंतर असे ठराव पुष्कळदा तोंडीच होतात, त्यामुळे ते सरकारी कागदांत सापडत नाहीत. त्यांचा शोध ज्याला घ्यावयाचा आहे त्याला शेतकऱ्याचे शब्द समजले पाहिजेत आणि सिद्धांतही.

७

या इतिहासावरून दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली कोशकारांना : अर्थशास्त्राच्या परिभाषाकोशात केवळ प्रतिशब्द देऊन थांबू नये, तो शब्द व्यवहारात कोणत्या अर्थाने चालतो, शास्त्रात कोणत्या अर्थाने, आणि विदर्भ, मराठवाडा, कोकण येथे त्याचे अर्थ कसे बदलतात, हे वाक्यांसह नोंदवावे. दुसरी विभागांना : पदव्युत्तर विद्यार्थ्यास एका सत्रात एक तरी टिपण असे लिहावयास लावावे, की ज्यात तो आपल्या गावच्या बाजारातील वा शेतीतील एक शब्द घेईल, त्यातील व्यवहार प्रतिमानाच्या रूपाने मांडील, आणि शब्दाचा व प्रतिमानाचा अर्थ कोठे जुळतो व कोठे जुळत नाही हे स्वच्छ मराठीत सांगेल. मक्ता, बटई, कडता, अडत असे शब्द वर्गातील निम्म्या विद्यार्थ्यांच्या घरी रोज बोलले जातात.

इंग्रजी ग्रंथांचे वाचन यामुळे कमी व्हावे असा आशय नाही. उलट ते वाढावे. इंग्रजीत वाचलेला सिद्धांत मराठीत मांडून दाखविता येतो की नाही, ही तो कळल्याची एक चांगली कसोटी आहे. कृष्णशास्त्र्यांनी १८५५ मध्ये आपल्या ग्रंथाच्या नावातच ‘परिभाषा’ हा शब्द घातला होता. पहिल्या थराचे काम त्यांच्या पिढीने केले, दुसऱ्या थराचे नागपूर-पुण्याच्या कोशकारांनी. या दोन थरांची सांगड घालण्याचे काम मात्र कोशकार एकटा करू शकत नाही. ते पदव्युत्तर वर्गांतील अध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी करावयाचे आहे.